बंद नेटचा आळ

वसईजवळच्या गास गावातल्या आमच्या घरमालकीण काकूंनी मला मदत केली, हे आधी लिहून ठेवते. काय झालं ते मग सांगते. उलटं सांगितलं तर वाचणाऱ्याला वाटेल की मी काही हुशारी केली. हुशारी माझी नव्हती. माझी होती ती फक्त भीती. बाकी सगळं काकूंचं, आणि त्यापायी विहिरीवर बायांची बोलणी खाल्ली तीही काकूंनीच, माझ्या वाटची.

मी वाशीमकडची. आठवीनंतर शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागं इकडं आले. ते वसई पूर्वेला एका कंपनीत शिफ्टला जातात. काकूंच्या घराच्या माडीवर आमची एक पत्र्याची खोली. खाली काकू आणि काका, पुढं अंगण, अंगणात विहीर, मागं केळी आणि मोगऱ्याची वाडी. विहिरीवरच्या पंपाचं पाणी आम्हा भाडेकरूंना आणि आसपासच्या घरांना ठरल्या वेळेला मिळतं. वायफायही काकूंचंच. डबा त्यांच्या घरात, त्यावरून सगळ्या खोल्यांना नेट.

लेक तीन वर्षांची व्हायला आली तेव्हा मी नालासोपाऱ्याला इमिटेशन दागिन्यांच्या गाळ्यात कामाला लागले. तिला सांभाळायला गावाहून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आल्या त्या माझ्या गरजेपोटी आल्या, हे मी विसरत नाही. पण त्यांचे गुडघे दुखतात, इथं ओळखीचं कुणी नाही, बोली वेगळी, आणि लेक म्हणजे नुसता वारा. मग टीव्ही. नवऱ्यानं जुन्यात घेतलेला, वायफायवर चालणारा. सकाळी मी निघायची तेव्हा तो लागलेला, संध्याकाळी यायची तेव्हाही लागलेलाच. लेक त्याच्यापुढंच जेवायची आणि त्याच्यापुढंच झोपायची.

आणि बोलायची नाही. आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. तहान लागली की माझं बोट धरून माठाकडं ओढायची. कार्टूनमधल्या गाण्यांच्या चाली तेवढ्या तोंडातल्या तोंडात गुणगुणायची, शब्दांशिवाय.

डॉक्टरांनी कान तपासून घ्यायला लावले. कान चांगले निघाले. मग त्या म्हणाल्या, "स्क्रीन बंद करा काही महिने. घरातल्या माणसांनी तिच्याशी बोला. मग आणा, बघू. नाहीच झालं तर मुंबईला पाठवावं लागेल."

घरी येऊन हे सांगितलं तर आत्याबाई म्हणाल्या, "मुंबई कायले? गावाले चार लेकरं हायेत दारात. त्याईच्यात बोलंल ते. इथी कोणासंग बोलंल, भिंतीसंग? सोयाबीनच्या सोंगणीले मी जाईन तवा घिऊन जाते."

मी नवऱ्याकडं बघितलं. ते भाकरी मोडत म्हणाले, "माय खोटं नाई बोलत."

लेक गावी गेली की परत कधी येईल? तिथून शाळेचं वय होईल, मग म्हणतील आता इथंच राहू दे. मला माझी लेक वर्षातून एकदा दिवाळीला भेटेल. आमच्याकडं अशी किती लेकरं आज्यांजवळ वाढली, मी स्वतः पाहिलीत. वाईट वाढली असं नाही. पण आईला ती पाव्हणी म्हणतात.

सोंगणीला, म्हणजे कापणीला, अजून वेळ होता, तेवढ्यात लेक बोलायला हवी होती. मी रिमोट पिठाच्या डब्यामागं लपवून गेले. आत्याबाईंनी शोधला. वायर काढून ठेवली, तर त्यांनी ती शेजारणीकडून लावून घेतली आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "दिवसभर मी हाय वं हिच्यासंग, तू नाई." खरंच नव्हते मी. खडे बसवताना चिमटा हातात असायचा आणि डोळ्यापुढं टीव्हीच्या उजेडात निळं झालेलं लेकीचं तोंड.

एका सकाळी विहिरीवर पाणी भरत होते आणि पंप आपोआप बंद पडला. पूर्वी काकू स्वतः बटणापाशी बसायच्या, आता त्यांनी टायमर लावून घेतला होता. वेळ झाली की पंप थांबतो, कोण पुढं कोण मागं काही बघत नाही. अर्ध्या भरलेल्या हंड्यापाशी उभी राहून मी विचारलं, "काकू, तुमच्या वायफायला असं करता येतं का? मी नसताना बंद?"

"सगळ्यांचं नाय करता यायचं. पलीकडची पोरगी त्यावर अभ्यास करते."

"फक्त आमच्या टीव्हीचं."

काकूंनी पाइप गुंडाळता गुंडाळता माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांचं, सोंगणीचं, सगळं सांगितलं मी त्यांना, भराभर, कुणी यायच्या आत.

"सासूला विचारलंस?"

"नाही."

"नवऱ्याला?"

"नाही."

"मग बोलनी कोन खानार?"

त्यांनी पाइप नीट गुंडाळून विहिरीच्या कठड्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "रविवारी बघू. वसईच्या एव्हरशाईन कॉलनीतून नातू येतो ना सुट्टीत, त्याचा टॅब असाच बांधते मी. मुलानं फोनवर लावून दिलंय. मी नुसती वेळ सांगते, बाकी तो डबा बघतो."

रविवारी नवरा शिफ्टला होते. वर आत्याबाई आणि लेक टीव्हीपुढं. काकू अंगणात चष्मा लावून फोन घेऊन बसल्या. अडचण अशी की त्यांच्या फोनवर सगळ्या खोल्यांची यंत्रं एका यादीत दिसत होती, पण त्यांची नावं म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे. कुठलं कुणाचं, त्यांनाही कळेना. एकेक बंद करून बघण्याशिवाय इलाज नव्हता, आणि मला वरून ओरडून सांगता येत नव्हतं. मग ठरलं, मी गॅलरीत उभं राहायचं आणि टीव्ही थांबला की टॉवेल कठड्यावर वाळत घालायचा.

काकूंनी पहिलं बटण दाबलं. वर टीव्ही चालूच. खालून काकांचा आवाज आला, "अगो, मॅच गेली."

"येईल परत. दम धरा."

"शेवटची ओव्हर हाय."

"मग काय, तुम्ही टाकनार हाव?"

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. दुसरं बटण दाबलं आणि पलीकडच्या खोलीतून कुणीतरी "रेंज गेली वाटतं" म्हणालं. तिसऱ्याला आमच्या खोलीतलं गाणं तुटलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. लेकीनं आधी पडद्याला हात लावला, मग रडायला सुरुवात केली. मी टॉवेल टाकला. घाईत तो कठड्यावरून घसरून खाली काकूंच्या पायाशीच पडला. त्यांनी वर न बघता उचलला आणि दोरीवर टाकून दिला.

वेळा आम्ही दोघींनी मोगऱ्याच्या वाफ्यामागं उभं राहून ठरवल्या. सकाळपासून बंद. दुपारी लेक झोपते तेवढा वेळ चालू, कारण तेव्हा आत्याबाई कीर्तन बघतात. पुढं बंद. संध्याकाळी मी आल्यावर थोडा वेळ चालू.

"कीर्तन तेवढं राहू द्या," मी म्हटलं.

"सासू कीर्तन ऐकनार आनि उठून मला शिव्या देनार," काकू म्हणाल्या. पण ठेवलं त्यांनी.

सोमवारी गाळ्यावर माझं लक्ष नव्हतं. आमच्याकडं फोन दारातच काढून ठेवावे लागतात, म्हणून काही कळायचं नाही. खडे वाकडे बसले, काम तपासणाऱ्या बाईंनी माझे तीन हार परत टाकले. संध्याकाळी गल्लीत शिरले तोच आत्याबाईंचा आवाज, त्यांचं ते 'काऊन', म्हणजे आमच्या बोलीतलं 'का'.

"भाडं घेता ना तुमी? मंग लेकराचा टीव्ही काऊन बंद केला?"

विहिरीवर पाण्याची वेळ होती, सगळ्या बाया होत्या. काकू पंपापाशी उभ्या होत्या.

"माझं नेट हाय. कोनाला किती द्यायचं ते मी ठरवीन."

"बाकी सगळ्याईचं चालू हाय. आमचंच काऊन? आमी परगावचे म्हणून?"

"माझी मर्जी."

एक शेजारीण हंडा उचलताना म्हणाली, "पानी मोजून देतात, आता नेट पन मोजून. उद्या हवा मोजतील." सगळ्या हसल्या. काकूंचा सगळा जन्म त्या गावात गेलेला, आणि त्या बाया त्यांच्या लग्नापासूनच्या ओळखीच्या. माझ्या एका वाक्यानं तिथलं सगळं थांबलं असतं. मी पिशवी घेऊन उभी राहिले आणि तोंड उघडलंही. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तू वर जा बाय. पोर रडते."

मी वर गेले.

नवऱ्यानं आईचं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाले, "आपलं स्वतःचं नेट घेऊ. रविवारी बोलावतो त्या वायफायवाल्याला." झालं. स्वतःचं नेट आलं की सगळं मुसळ केरात. रविवार उजाडायच्या आत मी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं.

ते पायरीवर बसले. "म्हणजे माय रोज खाली भांडते ते तुझ्यापायी?"

"लेकीपायी."

"मायले सांगितलं असतं तर?"

"सांगितलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं होतं. तुम्ही भाकरी खात होता."

त्यांनी हातातली डब्याची पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "सोंगणीलोक थांबू. तोवर मी वायफायवाल्याला बोलवत नाई आन् मायले सांगत नाई. तोवर बोलली तर ठीक. नाई तर लेक मायसंग जाईल, आन् मंग तू हा विषय काढायचा नाई."

मी हो म्हटलं.

पहिले दिवस फार वाईट गेले. लेक जमिनीवर लोळायची. रिमोट आपटून तिनं त्याचं झाकण फोडलं. आत्याबाईंच्या हाताला चावली. त्या मला हात दाखवत म्हणाल्या, "बांधून टाकलं माह्या लेकराले त्या बाईनं," आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटायला लागलं की मी दोघींना कोंडून कामावर जाते. काकूंकडं जाऊन म्हटलं, "सोडून टाका नेट. बघवत नाही."

"पंपाला टायमर लावला तेव्हा मला महिनाभर शिव्या होत्या," काकू म्हणाल्या. "थांब. तुझी सासू आज दोनदा खाली उतरली, ते बघितलंस का?"

ते मी बघितलं नव्हतं, बघणार कधी? पण तसंच होत होतं. पत्र्याच्या खोलीत टीव्हीशिवाय बसवत नव्हतं, म्हणून आत्याबाई लेकीला घेऊन भांडायला खाली उतरायच्या. "आज काऊन बंद केलं?" "माझी मर्जी." एवढं झालं की गुडघ्यांमुळं लगेच चढता यायचं नाही, म्हणून धुण्याच्या दगडावर बसायच्या. काकू मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली मध्ये ठेवायच्या, गजरे करायला.

"मी का तुमची मजूर हाय?"

"नको करू. नुसती बस."

नुसतं बसणं आत्याबाईंना कधी जमलेलं नाही. त्या गजरा करायच्या आणि तोंडानं काकूंची भाकरी, काकूंचं कालवण, काकूंची केळी, सगळ्याला नावं ठेवायच्या. काकू ज्वारीला नावं ठेवायच्या. मध्ये लेक कळ्या कुस्करत बसलेली. हे मला दोघींकडून वेगवेगळं कळायचं, आणि दोघींच्याही सांगण्यात जिंकलेली ती स्वतःच असायची.

एका संध्याकाळी काकू मला गेटातच भेटल्या. "आज बोलली तुझी पोर."

मी धावत वर गेले. आत्याबाई म्हणाल्या, "कायची बोलली? ढेकर दिला तिनं."

पुढचा रविवार मी लेकीला सोडलं नाही. पाणी दाखवलं, केळं दाखवलं, चिमणी दाखवली. म्हण, पाणी म्हण. तिनं माझं बोट धरलं आणि माठाकडं ओढलं. नवरा दारातून बघत होते. मग कॅलेंडरपाशी जाऊन सोंगणीला किती दिवस राहिले ते मोजायला लागले.

मग गावाहून दिराचा फोन आला, सोयाबीन पिवळं पडलं. आत्याबाईंचं तिकीट निघालं. लेक लहान, तिचं वेगळं तिकीट लागत नव्हतं, त्यामुळं ती जाणार की राहणार हे तिकिटावरूनही कळत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मी रजा घेतली. आत्याबाईंनी माझ्यादेखत लेकीचे फ्रॉक घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवले. वर तिची वाटी ठेवली. मी बघत राहिले. शब्द देऊन बसले होते.

संध्याकाळी पाण्याची वेळ झाली म्हणून हंडा घेऊन उतरले. आत्याबाई दगडावर बसल्या होत्या. लेकीनं आपली पितळी लोटी पाइपाखाली धरली होती, काकू तिला धरून. आणि टायमरनं पंप थांबला. लोटी भरली नव्हती. लेकीनं पाइपात डोकावून बघितलं. मग वळून काकूंचा पदर ओढला.

"काऊन बंद?"

आवाज घोगरा होता, न वापरलेल्या दारासारखा. मी हंडा खाली ठेवला.

काकू काही बोलेनात, म्हणून तिनं कमरेवर हात ठेवला, थेट आत्याबाई ठेवतात तसा, आणि पुन्हा विचारलं, "काऊन बंद केलं?"

बाया हसायला लागल्या. काकू सवयीनं "माझी मर्जी" म्हणायला गेल्या, पण ते त्यांच्या तोंडातून धड निघालं नाही. त्यांनी पंप हातानं चालू करून तिची लोटी भरून दिली. टायमर लावल्यापासून असं कुणासाठी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी आत्याबाईंकडं बघत होते. त्यांनी हातातला गजरा पुरा केला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मग म्हणाल्या, "माह्यासारखीच बोलते." आणखी थोड्या वेळानं, "आता तिकडं चार लेकरांत..." एवढंच. पुढचं ऐकायला मी थांबले, पण त्या उठल्या आणि कठडा धरून जिना चढून गेल्या.

हंडा घेऊन मी वर गेले तेव्हा त्या पिशवीतून फ्रॉक काढून परत मांडणीवर ठेवत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भांडायले इथी शिकली, तर बाकीचंबी इथीच शिकू दे. पण मी दिवाळीनंतर येईन. तवा एवढ्यावर नाई भागणार, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी निघताना त्या काकूंपाशी थांबल्या. "नेट सोडत जा वं माय. बायाईच्या तोंडी कायले लागता?"

"बघीन," काकू म्हणाल्या, अगदी सरळ तोंडानं. नवरा पिशवी घेऊन जमिनीकडं बघत उभे होते.

डॉक्टरांकडं पुन्हा जाऊन आले. लेकीच्या वयाला शब्द अजून कमी आहेत, मुंबईचं टळलं असं त्या म्हणाल्या नाहीत. टीव्ही बंद झाल्यानं बोलायला लागली की तिची वेळच आली होती, हेही त्यांनी सांगितलं नाही, आणि मला कळत नाही. टीव्हीच्या वेळा अजून त्याच आहेत. मी गाळ्यावर जाते तेव्हा लेक आता काकूंच्या अंगणात असते. दिवाळीनंतरची धास्ती आहेच.

विहिरीवर बाया अजून काकूंना टोमणे मारतात. मी एकदा म्हटलं, "सांगून टाकते मी, बंद मी करायला लावलं म्हणून."

काकू म्हणाल्या, "तुझी सासू परत येनार हाय. सुनेनं फसवलं असं तिला चारचौघीत कळायला नको. मला काय, ऐकायची सवय हाय."

म्हणून आज सांगत नाही. पण काकू, माझी लेक घडाघडा बोलायला लागू दे, तिला कुणी कुठं न्यायचं ठरवायच्या पलीकडं जाऊ दे. मग आधी आत्याबाईंच्या पाया पडून त्यांना घरात एकटीला सांगेन, आणि नंतर पाण्याच्या वेळेला, सगळ्या बाया जमलेल्या असताना, त्याच विहिरीवर उभी राहून तुमच्यावरचा आळ माझ्या तोंडानं उतरवेन. आठवी शिकलेली आहे मी, चारचौघींत बोलायची भीती वाटते. तरी बोलेन. तोवर तो आळ तुमच्याकडं माझी ठेव समजा.